घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार म्हणतात. शेवटच्या महिन्यात काय काय करून ठेवावं?

वाकड_टू_बीएचके:

नमस्कार मंडळी. पुण्यात वाकडला २ बीएचके भाड्याने आहे. लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा, एकदा रिन्यू केलेला, दोन्ही वेळा रजिस्टर्ड. भाडं २८,०००, डिपॉझिट ८४,०००. आता एक महिन्याची नोटीस देऊन घर सोडायचंय. घरमालक नागपूरला असतात, इथलं सगळं एजंट बघतो.

फोनवर विषय काढला तर मालक म्हणाले, "रंग आणि साफसफाईचं एक महिन्याचं भाडं कापणार, पुण्यात पद्धतच आहे तशी." करारात मात्र 'नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता जागा होती त्या स्थितीत परत द्यावी' एवढंच वाक्य आहे, रंगाचा शब्द नाही.

हॉलमध्ये टीव्हीच्या आणि पडद्यांच्या ड्रिलची भोकं आहेत. एका बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येऊन पोपडे सुटलेत. राहायला आलो तेव्हाचे थोडे फोटो फोनमध्ये आहेत, सामानाची वेगळी यादी केली नव्हती.

कुठून सुरुवात करू? आणि शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या असं सांगितलं तर चालतं का?

दस्त_आणि_सूची:

आधी करार बाहेर काढा, दोन्ही. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, नोटिशीचा कालावधी आणि लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीच्या आत घर सोडायचं नाही असं ठरलंय ती. लॉक-इन संपायच्या आत निघालात तर मालकाला कापायला आयतं कारण मिळतं, आणि ते कराराप्रमाणे असतं. दुसरी, डिपॉझिट कधी परत करायचं याचं वाक्य. 'ताबा देतेवेळी' असं लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण मग 'पुढचा भाडेकरू आला की देतो' हे उत्तर करारात बसत नाही. तिसरी, रिन्यू करताना डिपॉझिट कसं दाखवलंय ते. बऱ्याचदा पहिल्या करारात चेक नंबर असतो आणि दुसऱ्यात नुसता आकडा. वाढीव रक्कम मधेच यूपीआयने दिली असेल तर तिचा पुरावा दुसऱ्या करारात नसतोच. बँकेच्या स्टेटमेंटमधून त्या तारखा आजच काढून ठेवा.

रंगाच्या 'पद्धती'बद्दल. करारात ठरावीक रक्कम कापण्याचं कलम असेल तर तुम्ही त्यावर सही केलेली असते, मग वाद घालायला फारशी जागा उरत नाही, विनंतीच करावी लागते. तुमच्या करारात ते नाही. म्हणजे मालकाला नुकसान दाखवावं लागेल आणि खर्चही दाखवावा लागेल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्येही वाजवी झीज सोडूनच जागा पूर्ववत द्यायची जबाबदारी भाडेकरूवर आहे. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा नव्हे, म्हणून हे कलम जसंच्या तसं लावता येत नाही. पण तुमच्या करारातलं वाक्य नेमकं तेच म्हणतंय. बोट त्या वाक्यावर ठेवा.

दोन वर्षांच्या आसपास राहिल्यावर भिंतीचा रंग थोडा पिवळट पडणं, स्विचबोर्डभोवती हाताचे डाग, दाराच्या कडेचं पॉलिश जाणं ही झीज. लहान मुलाने क्रेयॉनने रंगवलेली भिंत, फुटलेलं बेसिन, जळालेला ओट्याचा दगड, न विचारता पाडलेलं छिद्र हे नुकसान. दोन्ही एकाच बिलात घातलेलं मान्य करू नका.

करार रजिस्टर्ड आहेत ही तुमची मोठी जमेची बाजू. ज्यांचे नाहीत त्यांच्यासाठीही सांगतो, कारण '११ महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही' हा समज अजून जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोटीस फोनवर देऊ नका. ईमेल करा, तोच मजकूर व्हॉट्सॲपवर टाका आणि एक प्रत मालकाच्या करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. एजंटला फक्त प्रत. मजकूर असा पुरतो:

"दि. … च्या नोंदणीकृत करारानुसार मी एक महिन्याची नोटीस देत आहे. दि. … रोजी जागेचा ताबा देईन. माझी ₹८४,००० अनामत आपल्याकडे जमा आहे. दि. … रोजी आपण किंवा आपण लेखी नेमलेल्या व्यक्तीने जागा पाहून घ्यावी. काही कपात करायची असल्यास बाबनिहाय तपशील व खर्चाचा अंदाज त्या दिवसापासून तीन दिवसांत लेखी कळवावा."

पाहणीची तारीख ताबा देण्याच्या आठ-दहा दिवस आधीची ठेवा. शेवटच्या दिवशी, टेम्पो खाली उभा असताना झालेली पाहणी तुमच्या काही कामाची नसते. तेव्हा दाखवलेला दोष दुरुस्त करायला वेळच राहत नाही, आणि मालक सांगेल तो आकडा गिळावा लागतो.

थापी_पुट्टी:

भिंतींबद्दल मी सांगतो.

ओलीची भिंत अजिबात रंगवू नका. ओल बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर ते काम बाहेरच्या बाजूने, सोसायटीचं किंवा मालकाचं. आतून पुट्टी-रंग मारला तर पुढच्या पावसात तो पुन्हा फुगणार, आणि भाडेकरूने काम बिघडवलं असं म्हणायची सोय होणार. त्या भिंतीचे फोटो काढा, पोपड्याजवळ पट्टी किंवा टेप धरून, आणि पावसाळ्यात मालकाला पाठवलेला मेसेज शोधून नोटिशीच्या ईमेलला जोडा. मेसेज केलाच नसेल तर आता करा. एक मात्र बघा: ओल भिंतीवर सगळीकडे आहे की फक्त कपाटामागे? नुसत्या कपाटामागे काळे ठिपके असतील तर ती हवा न खेळल्यामुळे आलेली बुरशी असू शकते. ती ब्लीचिंगच्या पातळ पाण्याने, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून पुसून घ्या. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

आता भोकं. स्क्रू काढला की प्लास्टिकची गिट्टी आत राहते. तिच्यावरच पुट्टी थापली तर महिन्याभरात गोल भेग दिसते. गिट्टीत स्क्रू अर्धा फिरवून पकडीने सरळ बाहेर ओढा. येत नसेल तर खिळ्याने पाच-सहा मिलिमीटर आत ठोका. भोकातली धूळ ब्रशने काढा, आतून थोडं पाणी लावा. कोरडं प्लास्टर पुट्टीतलं पाणी शोषून घेतं आणि भरलेला गोळा सैल होऊन सुटतो. एकदम काठोकाठ भरू नका. पुट्टी वाळताना बसते, म्हणून पहिला हात थोडा आत ठेवून रात्रभर वाळू द्या, दुसरा हात किंचित वर. वाळला की १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. एवढ्या भोकांना एक किलोची रेडीमेड ॲक्रिलिक पुट्टी पुरून उरते. टीव्हीच्या स्टँडची मोठी, खोल भोकं आधी व्हाइट सिमेंटने भरून वर पुट्टी.

त्यावर प्रायमरचा एक हात हवाच. प्रायमरशिवाय रंग मारला तर पुट्टी रंग पिते आणि उजेड तिरपा पडला की तो डाग मॅट दिसतो. टचअपचा खरा घोळ इथेच होतो: भोक बुजतं, डाग दिसतो.

रंगाचं नाव आणि शेडचा कोड मालकाला किंवा सोसायटीत काम करणाऱ्या पेंटरला विचारा. माळ्यावर जुना डबा असेल तर झाकण बघा. 'पांढराच तर आहे' म्हणून दुकानातला कुठलाही पांढरा आणू नका, दोन कंपन्यांचे ऑफव्हाइट एकमेकांशेजारी लगेच ओळखू येतात. नेमका कोड मिळाला तरी जुनी भिंत पिवळट झालेली असते. म्हणून भोकं पाच-सहाच्या वर असतील तर ठिपके ठिपके न लावता ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रोलरने मारा. दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच भिंतीला दोन हातांना साधारण दीड लिटर इमल्शन लागतं. ब्रशने केलेला टचअप रोलरच्या पोताशी जुळत नाही, तेही लांबून दिसतं.

पडद्याच्या रॉडची ब्रॅकेट काढायच्या आधी मालकाला विचारा. पुष्कळ मालकांना ती राहिलेली चालतात, आणि मग तेवढी भोकं बुजवायचं कामच वाचतं. उत्तर मेसेजवर घ्या.

साफसफाईत पैसे कापले जातात ते बहुतेक तीन जागांवरून: चिमणी, बाथरूमचे नळ-काचा आणि ओट्याखालची सिंकची जागा. आपल्याकडे बोअर आणि टँकरच्या पाण्याने नळांवर पांढरे थर बसतात. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड घाला, कापड भिजवून नळाला गुंडाळा, पंधरा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासून धुवा. शॉवरची जाळी काढून त्यातच बुडवा. बाजारात बाटलीत मिळणारं टॉयलेटचं ॲसिड नळाला लावू नका, क्रोम काळवंडतो आणि टाइल्समधलं ग्राउट भुगा होऊन निघतं. मग खरंच नुकसान तुमच्या नावावर. सायट्रिकही संगमरवरावर सांडू देऊ नका, चकाकी उडते.

चिमणीचे स्टीलचे बॅफल फिल्टर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा. जाळीचे फिल्टर ॲल्युमिनियमचे असतील तर सोडा नको, काळे पडतात. भांड्याचं लिक्विड आणि गरम पाणी वापरा.

बाहेरून डीप क्लीनिंग करून घेतलंत तर बिल तुमच्या नावाने आणि फ्लॅटच्या पत्त्याने घ्या. तेच बिल पुढे दाखवलं की साफसफाईच्या नावाने पुन्हा कापायला जागा राहत नाही.

शेवटचं_रीडिंग:

बिलांवरून मालक 'पाच-दहा हजार ठेवून घेतो, बिल आलं की बघू' म्हणतात. ते टाळता येतं.

महावितरणच्या शेवटच्या बिलावर चालू रीडिंग आणि तारीख असते. ताबा देण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, मीटर नंबरही त्याच फोटोत यायला हवा. फरकाचे युनिट काढा. समजा बिलावर ८४१२ आणि मीटरवर ८४९७, म्हणजे ८५ युनिट. मागच्या बिलातली फक्त त्या महिन्याची रक्कम (थकबाकी वगळून) भागिले त्या महिन्याचे युनिट, हा दर धरून ८५ ने गुणा. त्यात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क सगळं सरासरीने येतं. आकडा मालकाला लिहून कळवा आणि तेवढीच रक्कम कापून घ्या म्हणा.

मागच्या बिलांवर मीटरच्या स्थितीसमोर 'लॉक' किंवा 'फॉल्टी' असं काही असेल तर तुम्ही सरासरीचं बिल भरत आलाय. खरं रीडिंग आलं की फरक एकदम येतो. याचा निकाल घर सोडायच्या आधी लावा, ॲपवरून किंवा जवळच्या कार्यालयात रीडिंग देऊन बिल दुरुस्त करून घ्या.

आणखी एक, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. महावितरण वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवते. नेहमीचं बिल समजून भाडेकरू ते भरून टाकतात. ती ठेव मीटर ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जमा होते, म्हणजे मालकाच्या. जुन्या पावत्या चाळा, तुम्ही भरली असेल तर ती रक्कम डिपॉझिटमध्ये मिळवून मागा.

पाइप गॅस असेल तर त्याचं बिल बहुधा दोन महिन्यांनी येतं, तिथेही मीटरचा फोटो आणि तोच हिशोब. सोसायटीच्या ऑफिसातून 'या फ्लॅटकडे भाडेकरूचं काही येणं नाही' असं लिहून घ्या. पार्किंगचे स्टिकर, क्लबहाउसची कार्डं परत केल्याची नोंदही त्यातच. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते), सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), दुरुस्ती निधी ही सभासदाची, म्हणजे मालकाची देणी. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर ती तुमच्या डिपॉझिटमधून जाऊ देऊ नका.

वाकड_टू_बीएचके:

सगळ्यांचे आभार. अतिरिक्त ठेवीचं बिल मीच भरलेलं सापडलं, २,१४० रुपये. भाडं वळतं करण्याबद्दल कोणी सांगेल का? आणि चाव्या एजंटकडे देऊन जा म्हणतायत.

ताबा_पावती:

वळतं करण्याबद्दल आमच्यातही दोन मतं आहेत, पण माझं स्पष्ट मत असं: मालकाच्या लेखी होकाराशिवाय करू नका. करारात बहुतेक वेळा डिपॉझिट भाड्यापोटी वळतं करता येणार नाही असं वाक्य असतं. ते असताना भाडं थांबवलंत की करार मोडणारे तुम्ही ठरता, आणि बाकीच्या ५६,००० साठी तुमचीच बाजू लंगडी पडते. होकार मिळाला तर मात्र ही सगळ्यांत सोपी वाट आहे. दूर राहणाऱ्या मालकांनाही एकरकमी पैसे उभे करण्यापेक्षा ती सोयीची पडते, म्हणून विचारा जरूर. मेसेज असा: "… महिन्याचं ₹२८,००० भाडं डिपॉझिटमधून वजा करावं, उरलेले ₹५६,००० ताबा देताना द्यावेत. मान्य असल्यास कळवावं." उत्तर 'हो' आलं की झालं.

'पैसे दिल्याशिवाय चावी देणार नाही' म्हणून मुदत संपल्यावरही बसून राहू नका. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. काही करारांत डिपॉझिट परत होईपर्यंत बिनभाड्याने राहता येईल असं कलम असतं. ते तुमच्या करारात असेल तरच तो मार्ग घ्या.

म्हणून रक्कम ताब्याच्या आधी ठरवून घ्यायची आणि चाव्या व पैसे एकाच बैठकीत व्हायचे. त्यासाठी बँकेची तयारी आधी लागते. नवीन खातं जोडल्यावर पुष्कळ बँका पहिले २४ तास थोडीच रक्कम पाठवू देतात, आणि नेमकं त्याच कारणाने 'आज जात नाहीये, उद्या पाठवतो' होतं. खाते क्रमांक आणि आयएफएससी तीन दिवस आधी देऊन मालकाला खातं जोडायला सांगा, एक रुपया पाठवून बघा म्हणा. एनईएफटी आता चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे 'आज रविवार आहे' हे कारण उरलेलं नाही. पुढच्या तारखेचा चेक घेऊन चाव्या देऊ नका.

एजंटला चाव्या द्यायच्या तर मालकाचा मेसेज आधी हवा: 'माझ्या वतीने अमुक व्यक्ती ताबा घेईल, तिची पाहणी मला मान्य आहे.' तो नसेल तर एजंटला दिलेली चावी म्हणजे मालकाला दिलेला ताबा, हे पुढे सिद्ध करत बसावं लागतं. वॉचमनकडे तर मुळीच ठेवू नका. मालकाला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि पाहणी एजंटकडून करून घ्या.

ताबा पावती एका पानाची पुरते. तारीख-वेळ, फ्लॅटचा पत्ता, चाव्यांची संख्या (मुख्य दार, सेफ्टी डोअर, बेडरूम, कपाटं, लेटरबॉक्स वेगवेगळ्या लिहा), वीज आणि गॅसचं रीडिंग, करारातल्या यादीप्रमाणे पंखे-ट्यूब-गीझर चालू स्थितीत, कपात किती व कशाची, बाकी रक्कम आणि ती पाठवल्याचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक). खाली दोघांच्या सह्या. तुमच्याकडे यादी नाही असं म्हणालात, पण रजिस्टर्ड कराराच्या शेवटी परिशिष्टात पंखे, दिवे, गीझर यांचे आकडे बहुधा भरलेले असतात. ते पान बघा.

सामान हलवल्यावर रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ करा, मुख्य दारावरच्या नंबरापासून सुरू करून. प्रत्येक नळ उघडा, फ्लश करा, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते जाताना दाखवा, प्रत्येक पंखा आणि दिवा लावा, गीझरचा लाल दिवा दाखवा. खिडकीचे स्लायडर सरकवून बघा, काच नीट बसते का ते दिसू दे. हा व्हिडिओ आणि फोटो व्हॉट्सॲपवर साधे टाकले तर दबून जातात आणि फोटोतली तारखेची माहितीही गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर चढवून लिंक त्याच दिवशी ईमेल करा. आलात तेव्हाचे जे फोटो आहेत तेही मूळ फाइलच्या रूपातच जपा.

दस्त_आणि_सूची:

इतकं करूनही रंगाचे २८,००० कापलेच तर आधी ईमेलने बिल मागा: पेंटरचं नाव, किती चौरस फूट, दर, कोणत्या भिंती. आणि कापलेली रक्कम मला मान्य नाही हे त्याच दिवशी लिहून टाका. गप्प राहिलात तर मान्यता होती असं पुढे म्हणता येतं. पूर्ण हिशोब मिटल्याच्या पावतीवर सही मागितली तर 'कपात अमान्य, हक्क राखून' असं लिहूनच सही करा.

पंधरा दिवसांची मुदत देऊन वकिलाकडून नोटीस पाठवायची. लेखी करार, बँकेची नोंद आणि ताबा पावती जोडलेली नोटीस गेली की बरेच वाद तिथेच मिटतात. नाही मिटला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज करता येतो. लोकअदालतीत कोर्ट फी नसते, दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड घडवतात आणि झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो. मात्र मालकाने यायला आणि मान्य करायला हवं, सक्ती नाही. त्यापुढे दिवाणी दावा. पैसे परत करायची तारीख उलटली त्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण २८ हजारांसाठी वकिलाचा खर्च आधी विचारून घ्या. पोलीस चौकीत गेलात तर बहुधा 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतील.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात निवासी जागेला दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच डिपॉझिट आणि ताबा घेतानाच परतफेड अशी तरतूद आहे. ती वाचून कोणी मालकाला कलमं पाठवायला जाऊ नका. राज्याने तो कायदा स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तुमचं बळ तुमच्या रजिस्टर्ड करारातल्या वाक्यात आहे.

आणि ते २,१४० रुपये विसरू नका. पाहणीच्या आधीच पावतीचा फोटो मालकाला पाठवा, म्हणजे हिशोबाची सुरुवात तुमच्या येण्यापासून होईल.